ऊतींच्या स्लाइड्स: चार प्रकार आणि रंगामुळे होणारी फसगत

आतापर्यंतची स्थिती: सूक्ष्मदर्शकाखाली अभिस्तर (अवयवांचं अस्तर) आणि संयोजी (जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या) ऊती पाहून झाल्या, स्नायूंचे तिन्ही प्रकार झाले, चेता (मज्जासंस्थेची) ऊती अर्ध्यावर आहे. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची भिंगं) ४, १० आणि ४० पटींचे, आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) १० पटींचा. आयपीसवर फील्ड नंबर (दृश्य वर्तुळाचं मिलिमीटरमधलं माप) १८ असेल तर ४० खाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर किंवा ४५० मायक्रॉन. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर हवा, कारण पुढचा सगळा अंदाज त्यावरून बांधायचा आहे.

घरी करता येण्यासारखी ताजी स्लाइड एकच, आपल्याच गालाच्या आतल्या अस्तराची. टूथपिकचं बोथट टोक हलक्या हाताने फिरवा, स्लाइडवर ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून त्यात ते घोळवा, मग मिथिलीन ब्लूचा छोटा थेंब. एक-दोन मिनिटं थांबा. कव्हरस्लिपची एक कड आधी टेकवून ती तिरकी, सावकाश खाली सोडा. सपाट टाकली की बुडबुडे अडकतात, आणि जाड काळ्या कडेचा बुडबुडा पेशी समजून बघत बसायची वेळ येते. रंग जास्त झाला की केंद्रक आणि पेशीद्रव्य एकजीव निळं दिसतं. अशा वेळी एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून समोरच्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. पेशी साधारण ५० ते ६० मायक्रॉनची, त्यामुळे ४० खाली वर्तुळात एका ओळीत आठ-नऊ बसतात. पेशीवरचे बारीक निळे ठिपके तोंडातले जीवाणू असतात. इतक्या सहज पेशी निघतात यातच या थराचं काम दिसतं: वरच्या पेशी झिजून गळतात, तळाच्या विभागून जागा भरतात. फुफ्फुसातल्या वायुकोशांचं अस्तर मात्र एकाच चपट्या थराचं असतं, कारण तिथे वायूंना आरपार जायचं असतं.

तयार स्लाइड्समध्ये अभिस्तराची मोठी अडचण तिरक्या छेदाची. आतड्याच्या स्तंभीय पेशींचा एकच थर तिरका कापला गेला की केंद्रकांच्या तीन-चार ओळी दिसतात आणि आपण ‘बहुस्तरीय’ लिहून मोकळे होतो. पेशी नीट लांबीत कापलेल्या जागा शोधा आणि तिथेच थर मोजा. श्वासनलिकेचं प्रकरण वेगळं. तिथे छेद सरळ असला तरी केंद्रकं वर-खाली दिसतात, पण प्रत्येक पेशीचा पाय तळपटलावर, म्हणजे थराखालच्या पातळ पडद्यावर असतो, म्हणून थर एकच.

संयोजी ऊतीत पेशींपेक्षा त्यांच्यामधल्या द्रव्याकडे बघायचं. कास्थीत ते गुळगुळीत, पेशी छोट्या पोकळ्यांत दोन-दोन, चार-चारच्या गटांत. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून इजा भरायला वेळ लागतो. चरबीच्या स्लाइडवर नुसती रिकामी जाळी दिसते. स्लाइड खराब नाही; मेणात बसवण्याआधीच्या द्रावकांनी चरबी विरघळून गेलेली असते. रक्तही याच गटातलं, प्लाझ्मा हेच त्याचं आधारद्रव्य. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, त्यामुळे कुठल्याही छेदात एखादी सापडली की आयती मोजपट्टी मिळते.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो अपट्टकी (आडवे पट्टे नसलेला) स्नायू आणि स्नायूरज्जू (स्नायू हाडाला जोडणारा दोर) वेगळे ओळखण्यात. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगजोडीत दोन्ही गुलाबी, दोन्हीत समांतर धागे. इथे रंगावर विसंबलात की चुकलात. केंद्रक कुठे आहे ते बघा. स्नायूत ते पेशीच्या आत, मधोमध, लांबट. स्नायू आकुंचित अवस्थेत असेल तर मळसूत्रासारखं पिळलेलं. स्नायूरज्जूत ते धाग्यांच्या फटीत दबलेलं, बारीक आणि गडद. आडव्या छेदात हा फरक आणखी स्वच्छ दिसतो: स्नायूत काही गोलांच्या पोटात केंद्रक, स्नायूरज्जूत गुलाबी जुड्यांच्या कडांना. मॅसन ट्रायक्रोम रंगवलेली स्लाइड मिळाली तर वादच मिटतो. तिथे स्नायू तांबडा, कोलॅजन (स्नायूरज्जूचे धागे ज्याचे असतात ते प्रथिन) निळं किंवा हिरवं.

कंकाल (हाडांना जोडलेल्या) स्नायूचे आडवे पट्टे दिसत नसतील तर कंडेन्सरचा (स्लाइडखालच्या, उजेड एकवटणाऱ्या भिंगाचा) पडदा अर्ध्याहून जास्त बंद करा. दोन-अडीच मायक्रॉनवर येणारे पट्टे भरपूर उजेडात पार धुऊन निघतात. हृदयस्नायूतही पट्टे असतात, पण तंतूंना फाटे फुटलेले, केंद्रक मधोमध आणि जोडांवर गडद आडव्या रेषा. त्या जोडांमुळेच ठोक्याचा संदेश पेशीकडून पेशीकडे वेगाने जातो. कंकाल तंतूत केंद्रकं अनेक, आणि तीही कडेला.

१८०० च्या सुमारास झेव्हिए बिशा या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने सूक्ष्मदर्शक न वापरता ऊतींचे २१ प्रकार मांडले होते. भिंगाखाली इतकं चाचपडल्यावर त्याच्या हाताची आणि नजरेची थोरवी खरोखर जाणवते.

चेता ऊतीत सध्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा स्मिअर (ऊती स्लाइडवर पसरून केलेला पातळ थर) चालू आहे. मोठी चेतापेशी शोधायला १० पुरतो: फिकट केंद्रक, त्यात ठळक केंद्रिका, आजूबाजूला आधारपेशींच्या केंद्रकांचे गडद ठिपके. संदेश वाहून नेणारा अक्षतंतू मात्र स्मिअरमध्ये थोडाच टिकतो, पुढे तुटलेला असतो. पेशीतून निघणाऱ्या फाट्यांपैकी अक्षतंतू कोणता हे ठरवताना त्याचा उगम बघायचा: त्या शंकूसारख्या भागात निळे निस्सल कण (चेतापेशीतले प्रथिनं बनवणारे, रंग घेणारे कण) नसतात, बाकीच्या जाड फाट्यांत ते काही अंतर आत गेलेले दिसतात.