बेंच मीटर दुरुस्ती: आधी −१५, मग साठचा घोळ

चिकलठाणा एमआयडीसीतून निघालेल्या भंगारात हा साडेपाच डिजिटचा बेंच मीटर (टेबलावर ठेवून व्होल्टेज वगैरे बारकाईने मोजायचा मीटर) दिसला. भंगारवाले काका म्हणाले, "सर, लाईट लागते तेवढं खरं. पुढचं तुमचं तुम्ही बघा." अठराशेला घेतला आणि जालन्याला घरी आणला.

रविवार. डिस्प्ले झकास, एकही सेगमेंट गेलेला नाही. टर्मिनल मोकळे असताना आकडे भरकटत होते, ते मनावर घेतलं नाही. खालच्या रेंजवर अशा मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० गिगाओहमच्याही वर असतो, तिथं मोकळा आकडा फिरणारच. नवी मंडळी इथंच फसतात. खरी परीक्षा शॉर्ट करून होते. दोन्ही टर्मिनलमध्ये जाड, उघडी तांब्याची तार आवळली, ३०० मिलिव्होल्टची रेंज लावली, पंखा बंद केला. शून्याच्या आजूबाजूला दोन-तीन मायक्रोव्होल्ट दिसायला हवेत. इथं चारशेच्या उड्या!

झाकण काढलं आणि सगळ्यात आधी सप्लाय तपासला. +५ ठीक, +१५ ठीक, पण −१५ च्या जागी −१४.१. मग ७९१५ रेग्युलेटरचा (−१५ व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप) इनपुट, म्हणजे त्याआधीच्या फिल्टर कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज पाहिलं: डीसीवर −१६.३, आणि प्रोब तिथंच ठेवून हातातला छोटा मीटर एसीवर टाकला तर १.७ व्होल्ट. प्लसच्या बाजूला असाच जोडीदार कॅपॅसिटर आहे. तिथं २२ व्होल्ट आणि एसी जेमतेम ०.१. रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा दोनेक व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे बिचारा उपाशीच होता. स्कोप नसला तरी रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) असा पकडता येतो. फक्त काही स्वस्त मीटर एसीवर डीसी अडवत नाहीत, म्हणून प्रोब उलटे करून आकडा तोच येतो ना, एवढं बघून घ्या.

उणे बाजूचा हा कॅपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा. वरून अगदी सपाट, फुगल्याची खूण नाही. पण आयर्न टेकवताच माशासारखा वास आला, सोल्डरचा डाग मळकट झालेला, आणि उचलल्यावर खाली पीसीबीवर तपकिरी ओल. बाहेर काढून मोजला: ४१. ओल स्पिरिटने पुसून दोन्ही बाजूंना १०५ डिग्रीवाले नवे घातले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ८५ वाले घालूच नयेत, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की अशा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

आता −१५.०२. शून्य मात्र अजून पंधरा-वीस मायक्रोव्होल्टमध्ये डुलत होतं.

यात तीन रात्री गेल्या. रिले काढून घासले, रिबनचे कनेक्टर उपसून बसवले, इनपुटचे डाग नव्याने दिले. काही फरक नाही. बुधवारी मागच्या पॅनलवरची धूळ पुसताना चार खटक्यांचा बारका डिप स्विच दिसला. त्यातला एक खटका ६० हर्ट्झवर! हा मीटर एका मेन्स सायकलभर इनपुट साठवतो, म्हणजे हमची (मेन्सच्या एसीतून शिरलेल्या लहरीची) वरची आणि खालची बाजू एकमेकींना कापून टाकतात. साठवर तो १६.६७ मिलिसेकंद मोजतो आणि आपली सायकल २० ची. कापाकापी अर्धवट राहते आणि उरलेला हम आकड्यात उतरतो. खटका ५० वर केला, मीटर बंद करून चालू केला, तासभर तापू दिला. शून्य दोन-तीन मायक्रोव्होल्टवर स्थिर! तार बोटाने धरली की बोटाच्या उबेने आकडा सरकतो, सोडली की परत येतो. रात्री दीड वाजता आईला उठवून दाखवलं.

अचूकता तपासायचं मात्र थांबवलंय. मीटरचे स्पेक २३ अंश, अधिक-उणे ५ चे, आणि माझ्या खोलीत सध्या दुपारी ३९. ते काम डिसेंबरात.

त्याआधी बॅटरी. कॅलिब्रेशनचे आकडे ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर टिकून असतात आणि हा सेल आता २.८ वर आलाय. तो सरळ उपटला तर सगळं पुसलं जाईल. म्हणून दोन पेन्सिल सेल डायोडमधून समांतर जोडून मगच जुना काढणार, तेही मेन्सपासून वेगळ्या आयर्नने. टॅब असलेला सेल हाती आला की पुढची नोंद टाकतो.