तुम्ही विचारलंत म्हणून: राख घालून लावलेलं झाड जगतं का?

कुणाच्या घरी माती झाली की दुसऱ्या दिवशी मला हमखास एक फोन येतो. 'तरुण भारता'त निधनाच्या बातमीखाली रक्षाविसर्जनाची वेळ द्यायची असते. त्याआधी घरात ठरवावं लागतं की राख खानापूरला मलप्रभेत सोडायची, नरसोबाच्या वाडीला न्यायची, की शेतात खड्डा काढून वर झाड लावायचं. आमच्या भावकीत हा तिसरा उद्योग पहिल्यांदा मी केला. म्हणून विचारतात, "तू आप्पांच्या राखेवर फणस लावलास न्हवं? जगला का रे?"

पहिला मेला.

आप्पा 2016 च्या जूनमध्ये गेले. आमचं शेत बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या अंगाला. तिसऱ्या दिवशी दोन घमेली राख खड्ड्यात ओतली, त्यावर नर्सरीतलं कमरेएवढं रोप ठेवलं, माती लोटली. कुणीतरी फोटो काढला, 'स्मृतिवृक्ष' असं लिहून ग्रुपवर टाकला, ढिगानं हात जोडलेले आले. गणपतीपर्यंत पानं कडेनं करपत गेली. दसऱ्याच्या आधी मी बुंधा धरून हलवला तर अख्खं रोप हातात आलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि कुजका वास. ह्याचा फोटो काही कुणी काढला नाही. आईला पंधरा दिवस सांगितलं नव्हतं; तिला आधीच माहीत होतं.

चूक माझीच. लाकडाची राख चुन्यासारखी क्षारी असते. आमची तांबडी माती मुळात आंबट, तिला मूठभर राख मानवते, पण घमेलंभर राख रोपाच्या कोवळ्या मुळांना भाजून काढते. अस्थींचं तर विचारूच नका, त्या मातीत मुरायला वर्षं घेतात. आता विचारणाऱ्याला मी सांगतो, दोन मुठी राख घ्या, ती खड्डाभर मातीत आणि शेणखतात कालवा, आणि उरलेली शेतभर उधळा. "सगळी घातली नाही तर आत्मा अडकंल की," असं एका काकांनी ऐकवलं होतं. आत्म्याचं मला कळत नाही, मुळांचं आता थोडं कळतं.

दुसरी चूक जागेची. मी रोप लावलं भाताच्या बांधाला लागून, कारण आप्पा तिथं बसून बिडी ओढायचे. जुलैत भातात पाणी साचतं. भाताला ते हवंच असतं, पण फणसाच्या बुडात पाणी थांबलं की संपलं. शिवाय बांधावरच्या झाडाची सावली शेजारच्या पिकावर पडते. आज 'कसं का असंना, आप्पांचं झाड हाय' म्हणणारा चुलतभाऊ दहा वर्षांनी कोयता घेऊन येतो. माणसाच्या आठवणीचं झाड लावताना आधी सावली कुठं पडेल ते बघावं. रडतारडता हे सुचत नाही, म्हणून फोनवर मी पहिल्यांदा तेच विचारतो.

2017 च्या मे महिन्यात आई म्हणाली, "आता रोप नको, आठळी लाव." जांबोटीकडं मामाच्या परड्यात एक जुना बरका, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा फणस आहे. आप्पा दर उन्हाळ्यात तिथं जाऊन हात कोपरापर्यंत चिकट करून घ्यायचे. गोडेतेल लावा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. त्याच झाडाच्या आठळ्या आणल्या. आठळी साठवून ठेवायची चीज नव्हे, वाळली की मेली. रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी गोठ्यामागच्या उंचवट्यावर तीन आठळ्या लावल्या, जागच्या जागीच, कारण फणसाचं सोटमूळ हलवलेलं त्याला खपत नाही. तीनेक आठवड्यांनी दोन उगवल्या. एक शेळीनं खाल्ली. उरलेलीभोवती बोरीचे काटे रोवले.

राख? नदीला सोडायची म्हणून आईनं डब्यात थोडी वेगळी ठेवली होती. त्यातली चिमूटभर तिनं घातली, बस्स.

ऑफिसातले कानडी सहकारी झाडाचा विषय निघाला की सालुमरद तिम्मक्कांचं नाव काढतात. हुलिकल-कुदूर रस्त्याला त्यांनी आणि नवऱ्यानं वाढवलेले 385 वड, 2019 ची पद्मश्री. मला त्यातल्या घागरी दिसतात. लांबून पाणी आणून त्या दोघांनी रोपं जगवली. माझं एकच झाड, तरी पहिले दोन उन्हाळे दर रविवारी शहरातून गावाकडं जावं लागलं. मग बुडाशी भोक पाडलेलं, चिंधीची वात घातलेलं मडकं पुरलं, तेव्हा जरा सुटका झाली. 2019 च्या ऑगस्टात मार्कंडेयचं पाणी शिवारभर पसरलं. बांधाची जुनी जागा आठ दिवस पाण्याखाली होती. गोठ्यामागं ते पोचलं नाही.

पाटी का नाही लावली, असंही विचारतात. आमच्या भागात पाटी म्हटलं की ती कुठल्या भाषेत, हा प्रश्न आधी येतो. आप्पांनी आयुष्यभर ते ऐकलं. आता झाडाखाली तरी नको.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मे महिन्यात, बुंध्याला पहिले दोन फणस धरले. आठळीपासून केलेलं झाड आईवर जाईलच असं नसतं, हे माहीत होतं, तरी फोडताना मी कोपरापर्यंत तेल चोपडून बसलो. गरे सुटे, कोरडे, कुरकुरीत निघाले. कापा.

आईनं एक गरा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"त्येंस्नी आवडला नसता," ती म्हणाली, आणि दुसरा उचलला.