आमची वाटचाल: टाइल आणि तिचे चार कोपरे

हातानं मातीच्या टाइल बनवायला आम्ही सुरुवात केली तेव्हा कारखान्यात एक जाड लाटणं होतं, सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या होत्या आणि माझा भागीदार होता. लाटलेला थर तो कधी हातानं उचलायचा नाही. वर दुसरी फळी ठेवून दोन्ही फळ्यांसकट उलटायचा. ओली असताना वाकलेली माती हातानं सरळ केली तरी सुकताना, भाजताना पुन्हा तशीच वाकते. नव्या पोरांना हे सांगून माझा घसा बसतो.

मधली वर्षं बरी गेली. मग एक मोठी ऑर्डर आली. वाळवणीला वेळ लागेल हे ठेकेदाराला लेखी कळवलं होतं, तरी त्याचा माणूस डोक्यावर बसला आणि पंखे लावायला लावले. वरची बाजू सुकून आकसली, फळीला टेकलेली ओलीच राहिली. झालं, कोपरे वर! सगळा माल परत आला, देणी थकली, भट्टी बंद पडली.

ती ऑर्डर दुसऱ्या एका कारखानदारानं उचलली आणि 'हस्तनिर्मित' म्हणून प्रेसच्या, म्हणजे यंत्रात दाबून केलेल्या टाइल दिल्या. अहो, प्रेसमध्ये जाते ती जेमतेम ५ ते ७ टक्के ओलाव्याची भुकटी. आमच्या लाटायच्या मातीत पाणी २० टक्क्यांच्या आसपास. आकसायला पाणीच नाही, तर सपाट राहण्यात कसली मर्दुमकी?

तारलं एका आर्किटेक्ट बाईंनी. परत आलेली टाइल काचेवर ठेवून त्यांनी एकेक कोपरा दाबला, किती डुगडुगते ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मला घाई नाही. तुमच्या पद्धतीनं करा." त्या कामात बसलेली पद्धत आजही चालू आहे. थर चामट, म्हणजे चामड्यासारखा घट्ट झाल्यावरच कापायचा. मग जिप्सम बोर्डाच्या दोन तुकड्यांत एकेक टाइल घालून थप्पी लावायची, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी सारखं ओढलं जातं. ओले बोर्ड बदलायचे. कडा आधी सुकतात म्हणून थप्पीभोवती प्लास्टिक. मातीत भाजलेल्या मातीचा भरड चुरा घालतो, आकसणं कमी होतं. किती घालतो ते सांगणार नाही.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो: थप्पीवर फार वजन रचू नका. टाइलला आकसताना सरकायला जागा लागते, ती नसेल तर तडा जातो. आणि भट्टीत भरण्याआधी टाइल गालाला लावा. गार लागली तर आत ओल आहे.

बाई अजून आमच्याकडूनच माल घेतात. त्या दुसऱ्याच्या पाटीवरही अजून 'हस्तनिर्मित'च लिहिलेलं आहे.