कृत्तिका, द्विनेत्री आणि डोळ्याची बाहुली

मार्गशीर्ष अमावास्येच्या रात्री गावच्या घराच्या गच्चीवर मी आणि माझी मुलगी एकाच द्विनेत्रीतून, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या दुर्बिणीतून, आळीपाळीने कृत्तिका पाहत होतो. ती एकेक तारा सांगत गेली, आणि त्यांतले कित्येक मला शेवटपर्यंत दिसले नाहीत. माझ्या चष्म्याचा नंबर नुकताच तपासलेला होता आणि मोतीबिंदू नसल्याचेही डॉक्टरांनी सांगितले होते. ती चोवीस वर्षांची आहे आणि मी एकसष्ट, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांच्या बाहुल्या मोजल्या. अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बसून, डोळ्याखाली मिलिमीटरची पट्टी धरून कॅमेऱ्याच्या फ्लॅशने फोटो काढला. उजेड पडल्यापासून बाहुली आकसू लागेपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, त्यामुळे फोटोत ती अंधारातल्या आकाराचीच सापडते. फक्त कॅमेऱ्यातली ‘रेड-आय’ कमी करण्याची सोय बंद ठेवावी लागते, कारण ती आधीच उजेड पाडून बाहुली लहान करते. मुलीची बाहुली ७ मिमी भरली आणि माझी साडेचार.

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधले भोक. तिच्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू तिला आवळतो आणि चाकाच्या आऱ्यांसारखा पसरलेला दुसरा स्नायू तिला उघडतो. वय वाढते तसा हा उघडणारा स्नायू दुबळा होतो, आणि अंधारात आवळणाऱ्या स्नायूला सैल सोडणारा मेंदूकडचा लगामही ढिला पडतो. भर उन्हात तरुणाची आणि म्हाताऱ्याची बाहुली यांत फारसा फरक नसतो. दोघांचीही दोन-तीन मिमीवर येते. खरी तफावत उघडी पडते ती अंधारात.

आता द्विनेत्रीचा हिशेब पाहू. माझी ७×५० ची आहे, म्हणजे सातपट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग पन्नास मिमी व्यासाचे असलेली. पन्नासला सातने भागले की डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणारी प्रकाशाची चकती सुमारे ७.१ मिमीची येते. द्विनेत्री हातभर लांब धरून आकाशाकडे रोखली की ही चकती भिंगात स्पष्ट दिसते. मुलीच्या बाहुलीत ती जवळजवळ सगळी मावते. माझ्या बाहुलीत मात्र क्षेत्रफळाने तिचा चाळीस टक्केच भाग शिरतो आणि उरलेला प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. ताऱ्यांची तेजस्विता ज्या पायऱ्यांत मोजतात त्यांना प्रत म्हणतात, आणि त्या भाषेत हा तोटा एका प्रतीचा आहे. पन्नास मिमीचे भिंग माझ्यापुरते बत्तीस मिमीचेच राहते. त्यात वयाबरोबर डोळ्यातले भिंगही पिवळसर होते, आणि दोन्ही मिळून साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. साठीच्या माणसाने आकाशदर्शनासाठी द्विनेत्री घेताना ८×४० किंवा १०×५० घ्यावी, असे मी म्हणेन. दोहोंची चकती ५ मिमीचीच असते, आणि हात थरथरत असेल तर ८×४० बरी.

काळोखाला सरावण्याचे बहुतेक काम बाहुली करतच नाही, हेही इथे सांगायला हवे. २ पासून ८ मिमीपर्यंत उघडली तरी प्रकाश सोळापटच वाढतो. पुढची सारी वाढ डोळ्याचा पडदा करतो आणि त्याला अर्धा तास लागतो, म्हणून गच्चीवर मोबाइल पाहणे मी कटाक्षाने टाळतो.

लहान बाहुलीचा एक फायदाही आहे. भोक बारीक असले की जवळचे आणि दूरचे, दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. माझे वडील चाळिशी सापडली नाही की पेपर घेऊन ओट्यावर उन्हात जाऊन बसत आणि बारीक छोट्या जाहिरातीसुद्धा वाचत. संध्याकाळी घरात तोच पेपर, चाळिशी लावूनही, त्यांना वाचता येत नसे आणि ते मोठा दिवा लावायला सांगत. मी तेव्हा तिशीत होतो. त्याच खोलीत बसून मी सहज वाचत असे, म्हणून उजेड भरपूर आहे, असे मी त्यांना अनेकदा सांगितले, आणि दिवा बदलला नाही. त्याचे मला आज फार वाईट वाटते.