ज्युदोच्या क्लासला जाताय? आधी पडायला शिका

जिममधल्या ज्युदोच्या बॅचला नाव घालायचं ठरलं की बहुतेक जण पोशाखाची किंमत विचारतात. विचारायचं ते मॅटचं. एकमेकांत अडकवायच्या 20 मिमीच्या मॅट कराटेला चालून जातात, पण खाली फरशी असेल तर त्यांवर माणूस आपटायचा नसतो. थ्रोसाठी निदान 40 मिमी जाडीची, घट्ट मॅट हवी. जोडांवरून अनवाणी पाय फिरवून बघा. फट असेल तर पायाचं बोट तिथेच अडकतं आणि अंग पुढे वळून जातं.

गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, लगेच घेऊ नका. सुरुवातीला जाडसर टी-शर्ट आणि बिनचेनची, बिनखिशांची ट्रॅकपँट पुरते. खिशात समोरच्याची बोटं अडकतात. घ्याल तेव्हा सुती गी धुतल्यावर आटते हे धरून माप घ्या. डावी बाजू उजवीवर येते. उलटं जपानमध्ये फक्त मृतदेहाला नेसवतात, त्यामुळे सर टोकणारच. हातापायांची नखं कापलेली हवीत. अंगावर गजकर्णाचा चट्टा असेल तर बरा होईपर्यंत मॅटवर उतरू नका, विशेषतः पावसाळ्यात.

आता मुख्य गोष्ट, उकेमी, म्हणजे पडणं. पाठीवर पडायचा सराव उकिडवं बसून सुरू होतो. हात छातीसमोर, हनुवटी छातीला, नजर बेल्टच्या गाठीवर. ढुंगण टाचेजवळ टेकवायचं, पाठ गोल ठेवून मागे लोळायचं, आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हात तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम मॅटवर मारायचे. हात अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांवर. खांद्याच्या रेषेत पसरले तर झटका खांद्यात जातो. आधी कोपर टेकलं तर कोपर दुखावतं. श्वास बाहेर सोडायचा. डोकं मॅटला लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी मानेचा पुढचा भाग दुखला तर ती मानेला नव्याने पडलेल्या कामाची दुखण आहे, घाबरू नका. डोकं दुखत असेल, गरगरत असेल तर मात्र सराव बंद आणि डॉक्टर.

हात आपटल्याने मार मोठ्या भागावर वाटला जातो, हे खरंच. पण त्याहून मोठा फायदा असा की हाताला काम मिळतं आणि तो आधारासाठी मागे जात नाही. नवख्यांची मनगटं आणि कोपरं मोडतात ती या मागे टेकलेल्या हातानेच. कुस्ती केलेल्यांना ही सवय मोडायला जास्त वेळ लागतो. आखाड्यात पाठ लागली की कुस्ती गेली, म्हणून ते शेवटपर्यंत हात रोवतात.

कुशीवर पडताना एकच हात आपटायचा, त्याच बाजूचा. पाय एकमेकांवर चढवायचे नाहीत. घोट्याचं हाड घोट्यावर आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

पहिल्याच दिवशी ओसोतो-गारी, म्हणजे पायाने पाय मागून झाडून पाडायचा डाव, उभ्याने खायला लावणारा क्लास मी तरी सुचवणार नाही. त्यात माणूस सरळ मागे जातो, आणि हनुवटी आत घ्यायची सवय नसेल तर डोकं आपटतं. सुरुवातीला ओ-गोशी, म्हणजे कंबरेवरून फेकायचा डाव, बरा: कंबरेवरून येताना शरीर फेकणाऱ्याला चिकटलेलं असतं. जोडीदाराने तुमची बाही शेवटपर्यंत धरून वर ओढायची असते, म्हणजे तुम्ही कुशीवर उतरता. बाही मध्येच सोडणाऱ्याबरोबर सराव नको, सरांना सांगून जोडी बदलून घ्या.