फॉगिंग फॉगिंग काय करता
आज पालिकेच्या कीटकनाशक खात्याचे दोघं सोसायटीत आले होते, मी पण त्यांच्या मागेमागे गच्चीवर गेलो. टाकीबिकी ठीक होती पण ताडपत्रीच्या घडीत कपभर पाणी आणि टॉर्च मारला तर अळ्या नुसत्या वळवळतायत! डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला ८-१० दिवस पुरे, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं ओतायचं आणि घासायचं पण, कारण अंडी कडेला चिकटतात न् सुकली तरी महिनोन्महिने टिकतात. आणि आमच्या ग्रुपवर काय तर फॉगिंग कधी, फॉगिंग कधी! अरे बाबांनो, धुराने उडणारे डास मरतात, अळ्यांना ढिम्म काही होत नाही. ताडपत्रीचा फोटो टाकलाय ग्रुपवर, ब्लू टिक आल्यात, सेक्रेटरीसाहेब गप्प 😄