अल्योनुश्काच्या तळ्याला गेलेले तडे

चित्र द्यायला पंधरा दिवस उरले होते. खिडकीच्या तिरक्या उजेडात धरलं, तर तळ्याच्या डाव्या कोपऱ्यात केसासारखे तडे दिसले. शेजारीच तळहाताएवढे तीन-चार निस्तेज डाग. असा डाग पडला की आम्ही 'रंग मेला' म्हणतो. दोन्ही दोष शेजारी-शेजारी आले की हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. डागाला तेल चालतं, तड्याला नाही.

चित्र म्हणजे रशियन चित्रकार व्हिक्टर वास्नेत्सोव्हच्या 'अल्योनुश्का'ची हाताने केलेली प्रतिकृती. मूळ तैलचित्र १८८१ सालचं, १७३ × १२१ सेंटीमीटरचं, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. रशियन लोककथेत भाऊ इवानुश्का बकरीच्या खुराच्या खळग्यातलं पाणी पितो आणि त्याचं करडू होतं. पण चित्रात करडू कुठेच नाही. दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली अनवाणी बहीण, समोर काळं पाणी, त्यावर पिवळी पानं. कथेचा सगळा भार त्या अंधारावर आहे, आणि नकला बहुतेक तिथेच फसतात. चेहरा सगळे जपून करतात.

ग्राहकाला ६० × ९० हवं होतं, कारण तशी फ्रेम तयार मिळते. मूळ प्रमाण १ ला १.४३, म्हणजे ६० रुंदीला उंची ८६ येते. उरलेले चार सेंटीमीटर भरायला चित्र उभं ताणलं, तर मुलीच्या नडग्या लांबतात आणि बसण्यातला थकवाच जातो. कॅनव्हास ताणायचा ६० × ८६ चा लाकडी सांगाडा करून घेतला.

आता तळं. आधी डाग तपासले. कापसाचा बोळा मिनरल स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करायचं द्रावण) बुडवून डागावरून हलकेच फिरवला. ओलं असेपर्यंत खोल हिरवट काळा परत आला आणि वाळल्यावर गेला. म्हणजे रंगाची छटा बरोबर होती, फक्त खालच्या थराने तेल शोषून घेतलं होतं. ओलं असतानाही राखाडीच दिसला असता, तर मिश्रणात पांढरा गेलाय असं समजायचं. मग तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर नाही. इथे जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात होते, पण शेवटचा पातळ बसलेला, त्यावर टर्पेंटाइनने फार सैल केलेला अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग. अंबर मुळातच तेल पितो. उपाय सोपा: वरचा थर पूर्ण वाळलेला असला की जवसाचं तेल आणि स्पिरिट सम प्रमाणात घेऊन, धागे न सुटणाऱ्या फडक्याने अगदी पातळ चोळायचं आणि पाच मिनिटांनी पुसून काढायचं. बोटाला चिकटेल इतकं राहिलं तर पुढे पिवळं पडतं.

तड्यांची गोष्ट वेगळी. भिंगातून पाहिलं तर तड्याच्या कडा एकमेकींपासून सरकलेल्या आणि मधून खालचा काळा दिसतोय. नखाने दाबलं, तर तो अजून मऊ.

"खाली काय घातलं होतंस?" तो भाग रंगवणाऱ्या मदतनीसाला मी विचारलं.

"आयव्हरी ब्लॅक, ताई. फोटोत तिथे काळंच दिसत होतं."

दोन्ही चुका त्या एका उत्तरात होत्या. आयव्हरी ब्लॅकला तेल भरपूर लागतं आणि तो फार हळू वाळतो. त्यावर दुसऱ्याच दिवशी लवकर वाळणारा पातळ अंबर चढवला होता. वरचा वाळून आकसला, खालचा हलत राहिला, वरचा फाटला. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण ट्यूबमधल्या रंगाचं स्वतःचं तेलही त्यात धरायचं, हे विसरलं जातं.

दुसरी चूक फोटोची. छापील किंवा पडद्यावरच्या फोटोत गडद भाग एकसारखा काळा होऊन बसतो. उजेड वाढवून पाहिलं की पाण्यात झाडांची प्रतिबिंबं निघतात, काठचं लव्हाळं निघतं. मात्र वाढवलेला फोटो फक्त रेखाटनासाठी. छटा जुळवायची ती मूळ उजेडाच्या प्रिंटशीच, सुरीच्या टोकावर रंग घेऊन, प्रिंटला लावून.

तडकलेला भाग साधारण १२ × ९ सेंटीमीटरचा. पॅलेट नाइफ आडवी धरून मऊ रंग जेसोपर्यंत खरवडला, टर्पेंटाइनने पुसला. दोन दिवसांनी कडा चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने ओल्यानेच उतरवल्या. कोरडं घासलं तर रंगाची पूड नाकात जाते. मग ट्यूबमधला काळा न घेता व्हिरिडियन (निळसर हिरवा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) जवळपास निम्मे-निम्मे, त्यात नखभर अल्ट्रामरीन (गडद निळा). काठाजवळ सिएना जास्त, आत जाताना व्हिरिडियन जास्त. हा गडद रंग प्रिंटमधल्या काळ्यापेक्षा किंचित उजळ वाटतो, पण त्यात पाणी दिसतं. पहिला हात स्पिरिटने पातळ, सहा दिवस थांबून दुसरा ट्यूबमधला तसाच, त्यानंतर आठवड्याने तेल घातलेलं ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर.

पंधरा दिवसांत हे बसत नव्हतं. तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. उष्ण हवा मारून वाळवायचा सल्लाही एकाने दिला, म्हणजे आणखी तडे. पक्कं वॉर्निश सहा महिने तरी लावायचं नाही, हे चित्राच्या मागे चिठ्ठीवर लिहिलं. वास्नेत्सोव्हची सही मात्र नकलेत घालत नाही. मागे 'प्रतिकृती' आणि तारीख.

पानं सगळ्यात शेवटी टाकली. लेमन येलो पाण्यावर उडी मारतो, म्हणून ओकर (मातकट पिवळा) आणि त्यात कणभर सिएना. लांबची पानं जवळजवळ रेघेइतकी चपटी, जवळची जरा गोलसर. पहिल्या खेपेला सगळी सारख्याच आकाराची पडली होती, आणि तळं उभ्या भिंतीसारखं दिसत होतं. चार पानं पुसून पुन्हा काढली.